सहा कॉटांची खोली

मैत्रिणींनो, मुंबईला जायचं ठरलं की आपण आधी काय करतो? नातेवाईक आठवतो! कुणाची आत्या गोरेगावला, कुणाचा दीर कल्याणला. निदान आमच्या घरची तरी हीच रीत. लॉजवर उतरायचं म्हणजे नातेवाइकांचा अपमान, आणि बाईमाणसानं एकटीनं उतरायचं म्हणजे तर विचारूच नका. त्यामुळे गेल्या जानेवारीत मी मुंबईला चार रात्री एका स्वस्तातल्या हॉस्टेलवर, पाच अनोळखी बायकांच्या खोलीत राहून आले, असं आमच्या शाळेतल्या बायकांना सांगितलं, तेव्हा एकीनं आवाज खाली आणून विचारलं, "का गं, घरी काही झालं का?"

झालं होतं. पण तिला वाटलं तसलं नव्हे.

माझ्या आईच्या छातीत गाठ निघाली. आमच्या कराडच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला, आणि जे नको होतं तेच कागदावर लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, "उपचार सुरू करण्याआधी हे सगळं एकदा मुंबईला टाटा हॉस्पिटलात पुन्हा तपासून घेऊ. आईंना आत्ताच न्यायची गरज नाही. तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचा घेऊन तुमच्यापैकी कुणीतरी जा."

कुणीतरी म्हणजे कोण? भावाचा ऊस तोडणीला आलेला. टोळी दारात असताना शेतकऱ्याला हलता येत नाही. ह्यांना सोसायटीच्या कामातून सुटी मिळेना. राहिले मी. मी एका शाळेत तासांवर शिकवते, इंग्रजी आणि इतिहास. तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले, एवढाच माझ्या सुटीचा हिशेब. तेव्हा एक छोटी थर्माकोलची डबी, तिच्यात माझ्या आईचं काय ते भवितव्य, आणि ती सांभाळणारी मी, अशा आम्ही दोघी निघालो.

डोंबिवलीला ह्यांचे चुलतभाऊ राहतात. माणसं सोन्यासारखी. पण एक खोली नि स्वयंपाकघर, मुलगा दहावीला, आणि भावोजींच्या आई अंथरुणावर. मी गेले असते तर मुलाची अभ्यासाची जागा गेली असती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण निराळंच होतं, ते आता तुम्हाला सांगते. मला कुणी जवळ घेऊन "होईल गं सगळं नीट" म्हणायला नको होतं. पहिल्या चहाबरोबर कुणाच्या मामींना हेच झालं होतं आणि कुणाच्या नणंदेचं काय झालं, हे सुरू होणार होतं. मला चार दिवस कुणी काही न विचारणारी जागा हवी होती.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहतात, हे मला ठाऊक होतं. ज्या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी एक झोपडीसुद्धा ठेवली नाही, त्याच्या नावाच्या छपराखाली राहायला कुणाला आवडणार नाही? पण तिथली एकेक जागा आजारी माणसाच्या हक्काची. मी धडधाकट बाई, बरोबर एक डबी. मन धजेना.

मग शाळेतल्या एका बाईंच्या मुलीनं फोर्टातल्या ह्या हॉस्टेलचा नंबर दिला. ती नोकरीच्या मुलाखतीला जाऊन तिथं राहिली होती. मी फोन केला. पलीकडून एक गोड आवाज, "मॅम, मिक्स्ड डॉर्म की फिमेल डॉर्म?" मला वाटलं खाण्यापिण्याचं विचारते आहे. मी म्हटलं, "मिक्स चालेल, फक्त माझं जेवण शाकाहारी असू द्या." क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "मॅम, मिक्स्ड म्हणजे जेन्ट्स-लेडीज एका खोलीत." अहो, माझ्या हातून फोनच पडायचा! फक्त बायकांच्या खोलीला पन्नास रुपये जास्त पडतात. एका रात्रीचे साडेसहाशे. ते पन्नास मी आनंदानं मोजले, आणि हा संवाद ह्यांच्या कानावर अजूनही घातलेला नाही. त्यांना तो हा अंक वाचूनच कळेल.

शनिवारी रात्री ओगलेवाडीच्या स्टेशनावर महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली आणि रविवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले. डबी रात्रभर मांडीवर. मेणाचे ठोकळे उन्हात ठेवू नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी तिला जानेवारीच्या रात्रीसुद्धा खिडकीशी ठेवली नाही.

हॉस्टेल स्टेशनपासून दहा मिनिटांवर. जुनी दगडी इमारत, लाकडी जिना, मधोमध झिजलेल्या पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर एकदम रंगीत भिंती, बसायला गाद्या, कोपऱ्यात पुस्तकं. आधार कार्ड पाहिलं, पत्ता कराडचा आहे ना याची खात्री केली. इथं मुंबईच्याच पत्त्यावर राहणाऱ्यांना ठेवून घेत नाहीत. खोली दुपारी बाराला मिळणार होती. तोवर सामान काउंटरमागे ठेवा म्हणाली. बॅग दिली, डबी नाही दिली. ती पोरगी दोनदा म्हणाली, "मॅम, ती पण ठेवा ना." मी म्हटलं, "राहू दे बाई."

आता खोलीचं सांगते. तुमच्या माझ्या शयनगृहाएवढी खोली, आणि तिच्यात सहा कॉट, दोन-दोनच्या तीन चळती. प्रत्येक कॉटला पडदा, उशाशी छोटा दिवा आणि फोन लावायचं बटण. खाली सामानाची लोखंडी पेटी. मला मिळाली वरची कॉट. आगगाडीत वरच्या बर्थवर मी लहानपणापासून चढते, पण ह्या शिडीचे दांडे गोल नि बारीक, तळव्याला असे रुततात की विचारू नका. मोजे घालून तर चढूच नका, पाय सटकतो. मला पहिल्याच खेपेला छताचा आणि मग पंख्याच्या जाळीचा प्रसाद मिळाला. रात्री तहान लागली तर खाली उतरायला नको म्हणून पाण्याची बाटली वरच ठेवायची, हे दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं.

पेटीला कुलूप आपलं आपण आणायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काउंटरवर दीडशेला मिळत होतं. मी खाली उतरून फुटपाथवर ऐंशीला घेतलं. पितळी, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली पर्समध्ये, एक गळ्यातल्या साखळीत. तुम्ही जाणार असाल तर घरचंच मधल्या आकाराचं कुलूप न्या. दाराचं मोठं कुलूप त्या कडीत जात नाही.

आणखी एक. कुठल्याही अशा ठिकाणी गेलात तर बॅग उघडण्याआधी गादीचा कोपरा उचलून शिवणीत बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत म्हणून समजा आणि लगेच दुसरी कॉट मागा. मी पाहिलं, गादी स्वच्छ होती. चादर धुतलेली, पण पांघरूण एकच, आणि खोलीत थंड हवेचं यंत्र जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत थांबेना! मुंबईत जानेवारीत कसली आली थंडी, म्हणून मी शाल घरी ठेवली होती. पहिल्या रात्री साडीची घडी पांघरुणाखाली घालून झोपले. ते यंत्र किती अंशांवर ठेवायचं यावरून खोलीत रोज एक छोटंसं युद्ध होई. शेवटी खालच्या कॉटवरच्या नाशिकच्या ताईंनी रिमोट आपल्या उशीखाली घालून ते संपवलं.

त्या रात्री डबी मी पेटीत ठेवली नाही. उशाशी ठेवली, भिंतीकडून. पडदा ओढला आणि पडून राहिले. अंधारात पाच जणींचे श्वास, कुणाचा तरी फोन मधेच उजळे, खाली रस्त्यावर टॅक्सीचं दार लागे. मला वाटलं होतं, अनोळखी माणसांत डोळा लागणार नाही. पण कुणी काही विचारत नव्हतं हो. तेवढ्यानंच मी गाढ झोपले.

सकाळची मात्र शर्यत. बारा बायकांत न्हाणीघरं तीन, आणि बादली एकाही ठिकाणी नाही, नुसता फवारा. डोक्यावरून आंघोळीचा वार नसला तरी केस भिजायचेच. नाशिकच्या ताईंनी गुपित सांगितलं, साडेपाचच्या आत जा नाहीतर नऊनंतर. त्यांचा घरच्या जमिनीचा दावा हायकोर्टात कित्येक वर्षं चालू आहे आणि तारखेला त्या इथंच उतरतात. त्यांच्या पिशवीत एक घडीची प्लास्टिकची बादली असते! शिवाय दोरीचा तुकडा आणि चार चिमटे. ओला टॉवेल कॉटच्या कठड्याला टाकला की खालची रागावते, म्हणून पायाकडच्या दोन गजांना दोरी बांधायची. मी आल्यावर आमच्या भांडेवाल्याकडून तशीच बादली घेतली आहे.

सोमवारी परळला गेले. पाच रुपयांचं लोकलचं तिकीट. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड ही नावं आईच्या तोंडून लहानपणी इतकी ऐकलेली की स्टेशनं ओळखीची वाटली. टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. आज तिथं देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं दिसतात. हातात फायली, नाकातोंडावर मास्क, कुणाच्या डोक्याला रुमाल. बाहेरच्या फुटपाथवर संसार मांडून बसलेली कुटुंबं होती. एक बाई लहान पोराला भरवत होती, अगदी आपण अंगणात भरवतो तशी. माझी साडेसहाशेची कॉट, तिचा पडदा नि दिवा मला आठवला आणि यंत्राच्या थंडीबद्दल केलेली कुरकुर गिळली.

रांग लांब, पण काम चोख. खिडकीतल्या बाईंनी ठोकळे मोजून घेतले, नंबर जुळवले, पावती दिली. "गुरुवारी या." डबी हातातून गेली. दोन दिवस जिवापाड जपलेली वस्तू दिली आणि हात एकदम मोकळे झाले. मोकळ्या हातांचं काय करावं ते कळेना.

म्हणून चालत लालबागकडे गेले. माझ्या आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लालबागला गिरणीत होते. आमच्या गावच्या माणसांची एक खोली होती, गावकीची खोली. तिच्यात वीस-पंचवीस पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच्याच जागी आडवा व्हायचा. जेवायला खानावळ, एखाद्या बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर. बायकापोरं गावाला. आजीनं ती खोली कधी पाहिली नाही. बाईमाणसाला तिथं उतरायची सोयच नव्हती. आजोबा वर्षातून एकदा यायचे आणि आईला खाऊ आणायचे. आईच्या लेखी मुंबई म्हणजे तो खाऊ आणि त्या ट्रंकेचा वास.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबाही त्यातलेच. ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच. मी लालबागला त्यांची चाळ शोधली, पण पत्ता कुठून मिळणार? मला फक्त "गिरणीच्या भोंग्याजवळ" एवढंच माहीत. भोंगा नाही, गिरणी नाही. तिथं आकाशाला भिडलेल्या इमारती. काही जुन्या चाळी अजून आहेत, गॅलरीत कपडे वाळताहेत. एका चाळीच्या जिन्यापाशी उगाच पाच मिनिटं उभी राहिले. वरून एका आजींनी विचारलं, "कुनाकडं?" काय सांगणार! "कुणाकडं नाही," म्हटलं आणि निघाले.

ही गोष्ट मी रात्री आमच्या रखवालदार काकांना सांगितली. काका मूळचे गोव्याचे, तरुणपणी बोटीवर होते. ते हसले. "बाय, तुमची गावकीची खोली, तशी आमची कूड." धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाची अशी कूड असायची, काही अजून आहेत. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर गावच्या माणसानं तिथं राहायचं. भिंतीलगत पेट्या, समोर देव्हाऱ्यात येशूची आणि सायबिणीची तसबीर, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. "मी सहा-सहा महिने समुद्रावर, पण माझी पेटी तिथंच. पेटी असली म्हणजे माणूस येणार," असं काका म्हणाले. मग मला त्यांनी सोडून गेलेल्या मंडळींच्या वस्तूंचं कपाट दाखवलं: चार्जर, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाचा बूट.

आमच्या खोलीत एक जर्मन मुलगी होती. पंचविशीची, पाठीवर भलंमोठं गाठोडं, एकटी हिंडत होती. माझं इंग्रजी फळ्यावरचं. व्याकरण पक्कं, पण तोंडातून निघायला जड. मंगळवारी संध्याकाळी मी धीर करून तिच्याशी बोलले, तो योग थालिपिठानं आणला. हॉस्टेलवर एक सामाईक स्वयंपाकघर असतं. एक विजेची शेगडी, दोन तवे, एक फ्रिज. फ्रिजमध्ये ठेवलेल्या वस्तूवर नाव नि तारीख लिहायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. मी घरून भाजणी नेली होती. दोन दिवस बाहेरचं खाऊन पोट नाही म्हणायला लागलं, तेव्हा कांदा नि कोथिंबीर आणून थालीपीठ लावलं. भाजणीचा वास सुटला आणि खोलीतल्या सगळ्या एकेक करून स्वयंपाकघरात! नाशिकच्या ताई दही घेऊन आल्या. नांदेडची मुलगी आली. ती एका सरकारी नोकरीची कागदपत्रं तपासून घ्यायला आली होती, आणि तिचे पैसे संपत आलेले मला दिसत होते, कारण दोन दिवस ती बिस्किटांवरच होती. आसामची पोरगी आली. तिला ब्युटी पार्लरमध्ये काम मिळालं होतं आणि खोली शोधत होती. तवा विजेच्या शेगडीवर नीट तापत नाही, थालीपीठ चिकटतं. त्यावर उपाय सांगते. पोलपाट नसेल तर ओल्या रुमालावर थापायचं, तवा चांगली पाच मिनिटं कोरडा तापवायचा, मग तेल, आणि झाकण घट्ट. भोकं जरा जास्त पाडायची.

जर्मन मुलीनं तीन थालिपिठं खाल्ली. मी शिक्षिका आहे कळल्यावर ती म्हणाली, ही हॉस्टेलची कल्पनाच मुळी एका शाळामास्तराची! मला खरं वाटेना. तिनं सांगितलं ते असं. रिचर्ड शिर्मान नावाचे मास्तर 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले. वाटेत जोराचं वादळ झालं आणि सगळ्यांना एका गावातल्या शाळेत रात्र काढावी लागली, गवतावर झोपून. मास्तरांना वाटलं, सुटीत शाळा रिकाम्याच असतात, तिथं पोरांची झोपायची सोय का करू नये? त्यातून पुढं 1912 मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उघडलं. त्या पहिल्या खोल्या आता तिथं जपून ठेवल्या आहेत आणि लोक त्या बघायला जातात. मी मनात म्हटलं, मास्तर, तुमच्या त्या गवतात निदान वरची कॉट तरी नव्हती.

स्वयंपाकघर साडेनऊला बंद होतं. भांडी आपली आपण घासायची. पाच जणींनी मिळून घासली, आणि मला आमच्या सणाच्या रात्रीची आठवण झाली. फरक एवढाच की इथं कुणी कुणाची जाऊ नव्हती, त्यामुळे भांडी कुणी कमी घासली याची मोजदाद नव्हती.

ह्याचा अर्थ सगळं गोडच होतं असं समजू नका. सहावी कॉट रोज बदलायची. मंगळवारी रात्री तिच्यावर जी आली ती दीड वाजेपर्यंत फोनवर मोठ्यानं बोलत होती. दुसऱ्याच एका रात्री कुणाचा तरी गजर चार वाजता वाजत राहिला आणि जिचा होता ती सोडून आम्ही सगळ्या जाग्या झालो. घोरण्याचं तर काय सांगू? सकाळी चौकशी केली, तर घोरत मीच होते. न्हाणीघराच्या जाळीत केस अडकलेले, सामाईक आरशासमोर कुणाचं तरी कुंकू सांडलेलं. ज्यांना ओलं न्हाणीघर चालत नाही, ज्यांना आपल्याच उशीवर झोप लागते, त्यांनी हजार रुपये जास्त खर्चावेत पण इथं येऊ नये. आणि गुडघे दुखत असतील तर फोनवरच सांगून ठेवा, खालची कॉट पाहिजे. आयत्या वेळी मिळत नाही.

बुधवार सरता सरेना. दुपारी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. एशियाटिक लायब्ररीच्या त्या पायऱ्या चित्रपटांत शंभरदा पाहिलेल्या. 1833 सालची ती इमारत, पायऱ्यांवर कॉलेजची मुलं, एक जण वही उघडून चित्र काढत होता. घरी फोन लावला. धाकट्यानं सांगितलं, बाबांनी आमटीत मीठ दोनदा घातलं. आईला फोन लावला. तिला मी मैत्रिणीकडे उतरलेय असं सांगितलं होतं. "मैत्रीण बरी आहे का? त्यांना त्रास देऊ नको फार," ती म्हणाली. गाठीबद्दल एक शब्द नाही. मीही काढला नाही.

त्या रात्री दिवे बंद झाल्यावर खालून नाशिकच्या ताईंचा आवाज आला. "जागी आहेस ना गं? मघापासून कूस बदलते आहेस, सगळी कॉट हलते." आणि मग मी, जी चार दिवस कुणी काही विचारू नये म्हणून ह्या खोलीत आले होते, ती अंधारात छताकडे बघत सगळं बोलले. गाठ, डबी, उद्याचा कागद. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्यांना. त्यांनी एकाही मामीची नि नणंदेची गोष्ट सांगितली नाही. फक्त विचारलं, "किती वाजता जायचंय?" मी म्हटलं, दहाला. "माझी तारीख उद्या तीनची आहे. मी येते." पलीकडच्या वरच्या कॉटवरून नांदेडच्या मुलीनं नाक ओढलं. ती पण जागीच होती.

गुरुवारी आम्ही दोघी गेलो. पाकीट मिळालं. बाहेरच्या बाकावर बसून उघडलं. मी इंग्रजीची शिक्षिका, पण त्या दोन पानांतल्या निम्म्या शब्दांपुढं मी दुसरीतली पोर. फोनवरून कागदाचे फोटो कराडच्या डॉक्टरांना पाठवले. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. रोग तोच, निदान बदललं नव्हतं. मात्र गाठ हार्मोनला दाद देणाऱ्या जातीची निघाली होती. "ऑपरेशन तर करावं लागेलच," डॉक्टर म्हणाले, "पण पुढं गोळ्यांचा चांगला उपयोग होतो अशा गाठीत. आपल्याला वाट सापडली." मी ते वाक्य ताईंना सांगितलं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "पी आधी." मग त्या कोर्टात गेल्या. तारीख त्यांना पुढचीच मिळाली, हे संध्याकाळी कळलं.

निघताना पेटी रिकामी केली. कुलूप नांदेडच्या मुलीला दिलं. तिच्या पेटीला तीन दिवस नुसती सुतळी बांधलेली मी पाहत होते. उरलेली भाजणीही दिली, कशी थापायची ते तिला आता येत होतं. काउंटरवर हिशेब झाला, चार रात्रींचे दोन हजार सहाशे. रखवालदार काका जिन्यापर्यंत बॅग घेऊन आले.

घरी आल्यावर आईला खरं सांगितलं. आधी कागदाचं, मग हॉस्टेलचं. कागदाचं तिनं मान खाली घालून ऐकलं. हॉस्टेलचं सुरू झालं तशी मान वर झाली. किती कॉट, किती बायका, पेट्या कशा, कुलूप कसलं, जेवायचं काय, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "म्हणजे आण्णांच्या खोलीसारखंच की गं. फक्त बायकांची."

ऑपरेशन इथंच, कराडला झालं. टाके सुकले. पुढच्या महिन्यात एकदा तिला घेऊन परळला दाखवून यायचं आहे. डोंबिवलीला जाऊ या का, असं मी विचारून पाहिलं. ती नको म्हणाली. काल मी हॉस्टेलला फोन लावला, तर शेजारी बसून ही मला सारखी खुणावते आहे.

"काय गं?"

"खालची कॉट सांग," ती म्हणाली, "मला नि तुला दोघींना. आणि कुलूप आपलं नेऊ, तिथं महाग मिळतं म्हणालीस ना?"